दुसरं इंजिन

ओजस म्हणतो, तुझा नकाशा खोटा आहे.

मे महिना. मानेवाडा, दुसरा मजला.
कुलरमधलं पाणी संपलेलं आणि पंखा नुसताच
गरम वारा ढकलतोय पडद्यावरच्या आकाशगंगेत.
मी काढलेत एकशे बारा ठिपके
आणि त्यांना जोडणाऱ्या निळ्या रेघा.
ठिपका म्हणजे तारा, रेघ म्हणजे वाट.
वाट सोडून जहाज जात नाही.
का जात नाही? ओजस नंदनवार विचारतो,
फिजिक्सात एमएस्सी, आणि अजूनही चिडता येणारा.
आकाशात गल्ल्या कोणी पाडल्या?

काल ऊन उतरल्यावर तो मला झिरो माइलला घेऊन गेला.
बॅगेतून संत्रं काढलं
(मे महिन्यातलं, कोल्ड स्टोरेजचं, सुरकुतलेलं),
कठड्यावर ठेवलं. हा सूर्य.
मग बारा पावलं चालला,
चिमटीतला खसखशीचा दाणा दाखवत ओरडला, ही पृथ्वी!
सिग्नलला थांबलेला एक स्कूटरवाला आमच्याकडे बघत राहिला.
आणि पुढचं संत्रं?
मस्कतच्याही पलीकडे कुठेतरी.
आणि मधे?
मधे काही नाही, शलाका. हेच तर सांगतोय.

मी म्हटलं, एवढ्या काहीनाहीत खेळणार कोण?
आणि दगडाकडे बोट केलं.
बैतूल, शिवनी, चांदा, जबलपूर,
गावाचं नाव, पुढे मैलांचा आकडा.
नदी कोरलेली नाही, जंगल नाही,
वाटेत कुठे पाणी मिळेल तेही नाही.
तरी लोक पोचलेच ना?
तो संत्रं सोलायला लागला. मला वाटलं, मी जिंकले.

बाबा बत्तीस वर्षं सेक्शन कंट्रोलर होते.
आज दुपारी बनियनवर येऊन मागे उभे राहिले.
काय करून राहिली?
नकाशा.
ह्या दोन ठिपक्यांत किती वेळ लागते?
एक चाल.
आन् येताना?
एकच.
जाताना एक, येताना एक?
हो.
बाबा हसतील असं वाटलं होतं. हसले नाहीत.

आतून जुन्या चार्टची गुंडाळी आणली.
आडवी वेळ, उभी स्टेशनं,
पेन्सिलीची प्रत्येक तिरपी रेघ म्हणजे एक गाडी.
रेघ जितकी लवंडलेली तितकी गाडी दमलेली.
हे पाय, तीगाव आन् चिचोंडा.
नकाशात बोटभर बी नाई.
माह्या कागदावर इथं रेघ झोपते.
मागून दुसरं इंजिन लावा लागते,
उतरताना ब्रेकचं पाहा लागते.
इंजिनले किलोमीटर नाई समजत, पोरी. चढण समजते.

मी विचारलं, कसा आहे तो घाट?
बाबा चष्मा पुसत राहिले.
पाह्यला नाई म्या. रातपाळीत आयकला, हेडफोनवर.
एका पावसाळ्यात कोळशाची गाडी मधेच थांबली होती,
ड्रायव्हर बोलत नव्हता, नुसता त्याचा श्वास येत होता.
तवा समजला किती उभा हाये.

संध्याकाळी एका वाटेला
मी जाताना तीन चाली दिल्या, येताना एक.
ओजसने विचारलं, कोणत्या ताऱ्याच्या गुरुत्वाने?
मी तो रकाना रिकामा ठेवला.
त्याने खऱ्या ताऱ्यांची यादी उघडली,
अंतरं दशांशाच्या सहाव्या स्थळापर्यंत,
वरखाली केली, वरखाली केली.
लाइट गेली. लॅपटॉपच्या उजेडात
त्याचं तोंड त्या रकान्याएवढंच कोरं.

बऱ्याच वेळाने म्हणाला,
आणि ते दुसरं इंजिन,
ते कुठे उभं ठेवायचं?